खनिज आणि खडक यांच्यामधली रेषा : ‘मॉयल’ची वाटचाल

नागपूरच्या काटोल रोडवरील मॉयल भवनातून आज जिचा कारभार चालतो, त्या कंपनीची नोंदणी २२ जून १९६२ रोजी ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ या नावाने झाली. तिची वंशावळ मात्र त्याआधी सहासष्ट वर्षे सुरू होते. १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले. पुढे त्याचीच इंग्लंडमध्ये नोंदलेली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. नागपूर-भंडाऱ्याकडची जुनी माणसे तिला ‘सीपीएमओ’ म्हणत.

अशा संस्थेचा इतिहास सहसा भागभांडवल, खाणींची संख्या आणि उत्पादनाचे आकडे यांतून सांगितला जातो. तो पुढे येईलच. पण या कंपनीचा खरा इतिहास दुसऱ्याच एका प्रश्नाभोवती फिरतो. खाणीतून वर आलेल्या कोणत्या दगडाला खनिज म्हणायचे आणि कोणता ढिगाऱ्यावर टाकायचा? ही रेषा निसर्गाने आखून दिलेली नाही. रेल्वेचे भाडे, कारखान्यातली भट्टी आणि दगड वेगळा करण्याचे तंत्र या तिघांनी मिळून ती आखली आणि सव्वाशे वर्षांत ती अनेकदा सरकली. ती कशी सरकली, याचा हा आढावा.

सातपुड्याच्या दक्षिणेचा काळा पट्टा

नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. आणि पुढे मध्य प्रदेशात तिरोडी, सीतापठोर, बालाघाट, उकवा. मँगनीजचा हा पट्टा सुमारे दोनशे किलोमीटर लांब आहे. भूशास्त्रज्ञ त्याला सौसर समूहाच्या खडकांत धरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीज-गार्नेट आणि क्वार्ट्‌झ यांच्या इथल्या रूपांतरित खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते आज जगभर रूढ आहे.

या पट्ट्यातल्या धातुकात मुख्यतः ब्राउनाइट, सिलोमिलेन, पायरोल्युसाइट आणि हॉलंडाइट ही खनिजे सापडतात. त्यांच्याबरोबर येतात क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटी, स्पेसर्टीन नावाचा गार्नेट आणि गुलाबी रोडोनाइट. जोडीला थोडा फॉस्फरस असतो आणि पोलादवाल्यांना तो नकोसा वाटतो. एखाद्या थरात जाड काळा पट्टा निर्भेळ मिळतो, तर शेजारच्याच थरात काळे आणि पांढरे इतके एकजीव झालेले असते की हातोडीने फोडून ते सुटत नाही. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या फरकात आहे.

सिंडिकेटचा काळ : हातोडी आणि टोपली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँगनीजला किंमत आली ती पोलादामुळे. १८५६ च्या सुमारास रॉबर्ट मुशेट यांनी बेसेमर पोलादात मँगनीजयुक्त लोखंड मिसळून त्याचा ठिसूळपणा घालवला. १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड यांनी बारा-तेरा टक्के मँगनीजचे अतिशय चिवट पोलाद तयार केले. वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन काढून घेणे आणि गंधकाला बांधून ठेवणे ही मँगनीजची कामे आजही बदललेली नाहीत. भिवंडीच्या गोदामांच्या लोखंडी कैच्यांपासून रेल्वेच्या रुळांपर्यंत जे पोलाद आपण पाहतो, त्या सगळ्यात मँगनीज असतेच.

पण त्या काळी ते वापरणारे कारखाने विलायतेत होते. जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागले ते १९१२ मध्ये. त्यामुळे मध्य प्रांतातला दगड आधी बैलगाडीने किंवा ट्रॉलीने रेल्वेपर्यंत, मग रामटेक आणि तुमसर-तिरोडी या फाट्यांवरून मुख्य मार्गाला, तिथून शेकडो किलोमीटर दूरच्या बंदरात आणि अखेर जहाजाने युरोपात जाई. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये खुले झाले आणि रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्गामुळे हे अंतर बरेच घटले. त्या बंदराच्या उभारणीमागे मध्य प्रांताचे मँगनीज हे एक मोठे कारण होते.

या लांबलचक प्रवासात भाडे टनावर पडते. टनात मँगनीज किती आणि गारगोटी किती, हे रेल्वे विचारत नाही. चाळीस टक्क्यांखालचा दगड विलायतेला पाठवणे म्हणजे गारगोटीचे भाडे भरणे. म्हणून सिंडिकेटने केवळ वरच्या प्रतीचा माल उचलला. हलका माल खाणीच्या तोंडाशीच राहिला, आणि त्याचे डोंगर झाले.

निवडण्याचे काम हाताने चाले. फोडलेल्या धोंड्यांतून काळा, वजनदार तुकडा एकीकडे आणि पांढरट, हलका तुकडा दुसरीकडे. मोठ्या तुकड्याला चिकटलेली गारगोटी हातोडीने उडवायची, टोपल्या वाहायच्या, चट्टे रचायचे. या कामात गोंड आणि इतर स्थानिक समाजांतल्या, तशाच छत्तीसगडकडून आलेल्या कुटुंबांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हाताला लागणारे वजन आणि फुटलेल्या कडेची चमक यांवरून प्रत ओळखण्यात त्या तरबेज होत्या. कंपनीची पहिली खनिज-निवड यंत्रणा म्हणजे ही माणसे. कंपनीच्या जुन्या ताळेबंदात त्यांचे कौशल्य ‘मजुरी’ या एका शब्दात मावले. इतिहासात तरी ते वेगळे नोंदवायला हवे.

रशियातील १९०५ च्या उलथापालथीमुळे तिथला पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा भारतीय मँगनीजला मोठी तेजी आली. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत तीच बाजारपेठ कोसळली आणि अनेक खाणी थंडावल्या. परदेशी गिऱ्हाइकाच्या लहरीवर चालणाऱ्या धंद्याचे हे दोन्ही चेहरे या पट्ट्याने पाहिले.

१९६२ : मालकी बदलली

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १ मार्च १९४८ रोजी भारतीय खाण ब्युरोची स्थापना झाली. पुढे तिचे मुख्यालय नागपूरला आले. नोव्हेंबर १९५० मध्ये जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि देशातील हलक्या प्रतीच्या मँगनीज खनिजावर प्रक्रिया कशी करता येईल, हा तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या अभ्यासविषयांपैकी एक ठरला. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. गिऱ्हाईक आता सातासमुद्रापलीकडे राहिले नाही, ते शेजारच्या छत्तीसगडात उभे राहिले.

१९६२ साली भारत सरकार आणि सीपीएमओ यांच्यात करार होऊन कंपनीची मालमत्ता सरकारने घेतली. नव्या कंपनीत केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे मिळून ५१ टक्के आणि जुन्या ब्रिटिश कंपनीचे ४९ टक्के भांडवल राहिले. १९७७ मध्ये ते ४९ टक्केही विकत घेतले गेले आणि पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीत ही संपूर्ण सरकारी कंपनी झाली.

मालकी बदलल्याने हिशेबाची पद्धतही बदलली. निर्यातदार कंपनीला या वर्षी जहाजात भरण्याजोगा माल किती, एवढेच पाहायचे होते. राष्ट्रीय कंपनीला साठा किती वर्षे पुरेल हेही पाहणे भाग होते. वरचा माल तेवढा उचलून खालचा सोडला, तर उरलेला साठा एकटा परवडत नाही आणि खाण अकाली बंद पडते. खनिज संवर्धनाचे नियम आणि खाण ब्युरोची देखरेख यांचा रोखही तोच होता. अशा रीतीने हलक्या प्रतीचा दगड प्रथमच जमाखर्चात आला.

भट्टी बदलली, दगडाची किंमत बदलली

हलक्या मालाला वर काढण्यात केवळ खाणीतल्या यंत्रांचा वाटा नव्हता. फेरोमँगनीजच्या भट्टीला जास्त मँगनीज आणि कमी लोह असलेले खनिज लागते. त्यात सिलिका वाढली की मळी वाढते, वीज वाया जाते. पण पोलाद उद्योगात सिलिकोमँगनीजचा वापर वाढला, तेव्हा गणित फिरले. या मिश्रधातूला मँगनीजबरोबर सिलिकॉनही हवेच असते. म्हणजे ज्या गारगोटीसाठी आधी दंड भरावा लागे, ती काही प्रमाणात कच्चा माल ठरली.

याचा परिणाम कंपनीच्या दरपत्रकात दिसतो. ४४ टक्के आणि त्याहून अधिक मँगनीजचा फेरो दर्जाचा माल, ३० आणि २५ टक्क्यांचा सिलिकोमँगनीज दर्जा, बारीक चुरा, बॅटरी व रसायनांसाठीचा डायऑक्साइड दर्जा, आणि ज्याच्या नावातच कमी मँगनीज व जास्त सिलिका असल्याची कबुली आहे तो ‘लो ग्रेड हाय सिलिका’ माल, असे वेगवेगळे दर निघतात. सिंडिकेटच्या काळात यांतल्या निम्म्याअधिक ओळी लिहिल्याच गेल्या नसत्या.

वेगळे करण्याचे शास्त्र

तरीही पंधरा-वीस टक्क्यांचा दगड थेट भट्टीत जात नाही. त्याची प्रत वाढवावी लागते. खाणीवरचे लोक याला ‘बेनिफिशिएशन’च म्हणतात. त्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. दोन खनिजांच्या कोणत्यातरी भौतिक गुणात फरक शोधायचा आणि त्या फरकाच्या जोरावर ती अलग करायची.

पहिला फरक वजनाचा. ब्राउनाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.७, गारगोटीचे २.६५. पाण्यात दोन्हींतून पाण्याचा एक वजा केला की ३.७ ला १.६५ ने भागायचे. उत्तर येते २.२४. हा अंक अडीचच्या वर असेल तर वजनाने वेगळे करणे फार सोपे. सव्वाच्या खाली गेला तर जवळजवळ अशक्य. म्हणून गारगोटीच्या बाबतीत जिग हे यंत्र चांगले काम देते. जिगमध्ये चाळणीवरच्या थरातून पाणी ठेक्याने वर-खाली होते. सुपात धान पाखडताना दाणा आणि फोल वेगळे होतात, तसे जड तुकडे तळाला बसतात आणि हलके वर येऊन वाहून जातात. स्पेसर्टीन गार्नेटचे विशिष्ट गुरुत्व मात्र ४.१ च्या वर असते. तोच हिशेब केला तर अंक १.२ च्या आसपास येतो. गार्नेट भरपूर असलेला माल जिगमधून कितीही वेळा काढला तरी प्रत फारशी चढत नाही, याचे कारण हे आहे.

दुसरा फरक चुंबकाचा. तीव्र क्षेत्राच्या चुंबकीय विभाजकाकडे मँगनीजची अनेक खनिजे ओढली जातात, गारगोटी ओढली जात नाही. इथेही गार्नेट आडवा येतो, कारण तोही थोडासा ओढला जातो. म्हणून एकाच यंत्रावर भागत नाही. दळणे, चाळणे, जिग, चुंबक यांची साखळी लावावी लागते, आणि ती प्रत्येक खाणीच्या दगडाप्रमाणे वेगळी असते. कंपनीने बालाघाट आणि डोंगरी बुजुर्ग येथे एकात्मिक प्रक्रिया संयंत्रे उभारली त्यामागे हा विचार आहे. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत खाण ब्युरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पथदर्शी संयंत्र आहे. खाणीवर मोठा खर्च करण्याआधी काही टन माल तिथे तपासून घेता येणे ही या भागातल्या खाणींची मोठी सोय आहे.

या शास्त्राला मर्यादा आहेत, आणि त्या हिशेबातून स्पष्ट होतात. समजा २२ टक्क्यांचा १०० टन माल घेतला. त्यात २२ टन मँगनीज आहे. प्रक्रियेनंतर ४० टक्क्यांचा ४० टन माल हाती आला, तर त्यात १६ टन मँगनीज आले. म्हणजे सुमारे ७३ टक्के मिळाले. उरलेल्या ६० टन टाकाऊ मालात ६ टन, म्हणजे १० टक्के मँगनीज शिल्लक आहे. खाण ब्युरोने मँगनीज खनिजासाठी ठरवलेली किमान मर्यादा १० टक्के हीच आहे. म्हणजे आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, तो नियमाच्या भाषेत अजून खनिजाच्या उंबरठ्यावरच उभा असतो. अधिक बारीक दळले तर आणखी मँगनीज सुटते, पण विजेचा खर्च वाढतो आणि चिखलासारखा गाळ उरतो. तो गाळ पुन्हा सांभाळावा लागतो.

हा प्रश्न मँगनीजपुरता नाही. एस्टोनियात कुकरसाइट नावाचा तेलखडक काढतात. त्यातला सेंद्रिय भाग पाण्याहून किंचितच जड, तर सोबतचा चुनखडक २.६ च्या पुढे. तिथे मॅग्नेटाइटची बारीक पूड मिसळलेल्या जड द्रवात माल सोडतात. तेलाचा खडक तरंगतो, चुनखडक बुडतो. आपल्याकडे उलटे, हवे ते बुडते आणि नको ते वर येते. एवढा फरक सोडला तर दोन्हीकडचे शास्त्र एकच. धातुक असो, कोळसा असो वा तेलखडक, हलक्या साठ्याचे भवितव्य शेवटी घनतेतल्या एवढ्याशा अंतरावर ठरते.

डोंगरी बुजुर्ग ते बालाघाट

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आहे आणि तिथला डायऑक्साइड दर्जाचा माल वेगळ्या गुणांचा. कोरड्या बॅटरीत तो चालतो. १९९१ मध्ये कंपनीने इथे इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचे संयंत्र सुरू केले. खनिज भाजून ते आम्लात विरघळेल अशा रूपात आणायचे, गंधकाम्लात विरघळवायचे, लोह काढून टाकायचे आणि विजेच्या साहाय्याने धनाग्रावर शुद्ध डायऑक्साइड जमा करायचा, अशी ही पद्धत आहे. यंत्राने निवडण्याची हद्द जिथे संपते, तिथून रसायनाने निवडणे सुरू होते. १९९८ मध्ये बालाघाटला फेरोमँगनीजचे संयंत्र उभे राहिले, आणि दगड विकणारी कंपनी मिश्रधातूही विकू लागली.

कंपनीच्या दहा खाणींपैकी सात भूमिगत आणि तीन उघड्या आहेत. बालाघाटची खाण पृष्ठभागापासून चारशे मीटरहून अधिक खोल गेली आहे. भूमिगत खाणीत धातुक काढून झाले की रिकामी जागा वाळूने भरत वर सरकावे लागते. जितके खोल जावे तितका खर्च चढतो, आणि बाजूच्या भिंतींतला खडकही मालात मिसळतो. म्हणजे खाण खोल होत जाते तशी निवडीची गरज वाढत जाते.

ढिगारे आणि झाडे

जुन्या ढिगाऱ्यांची दोन प्रकारे विल्हेवाट लागली. काहींतून पुन्हा माल काढला गेला. काहींवर झाडे लावली गेली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, गुमगावसारख्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातली प्रेसमड, उपयुक्त जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडे जगवून दाखवली. खडकाळ, सेंद्रिय द्रव्यविरहित ढिगाऱ्यावर जंगल उभे करण्याचा हा प्रयोग देशभर नावाजला गेला.

या दोन मार्गांत मात्र ताण आहे. एकदा झाडे वाढली की त्या ढिगाऱ्यातला माल काढणे म्हणजे झाडे तोडणे. म्हणून कोणता ढिगारा राखीव ठेवायचा आणि कोणता कायमचा हिरवा करायचा, हे आधी ठरवावे लागते.

कामगारांच्या आरोग्याचा प्रश्नही निवडीशी जोडलेला आहे. कोरडे दळणे आणि चाळणे यांत सिलिकाची आणि मँगनीजची धूळ उडते. पहिली फुप्फुसांना, दुसरी मज्जासंस्थेला घातक. ओल्या प्रक्रियेने धूळ बसते, पण गाळाची तळी सांभाळावी लागतात. प्रत वाढवण्याचा खरा खर्च मोजताना हे दोन्ही धरले पाहिजे.

२०१० नंतर

डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. केंद्राने आपले १० टक्के आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी ५ टक्के विकले. नावही ‘मॉयल लिमिटेड’ झाले. २०२३-२४ मध्ये उत्पादन १७.५६ लाख टनांवर आणि २०२४-२५ मध्ये १८.०२ लाख टनांवर गेले. स्थापनेपासूनचा तो उच्चांक होता. देशातील मँगनीज खनिजाच्या उत्पादनात कंपनीचा वाटा जवळपास निम्मा आहे. तरीही पोलाद वाढत असल्याने भारत मोठ्या प्रमाणावर मँगनीज खनिज आयात करतो. हलक्या प्रतीचा देशी दगड वर आणण्याचे काम त्यामुळे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे आहे.

सव्वाशे वर्षांचा निष्कर्ष एवढाच की आजचा टाकाऊ माल उद्याचे खनिज असू शकते. तेव्हा खाणीवर काम करणाऱ्या नव्या पिढीला एक विनंती. प्रत्येक ढिगाऱ्याची नोंद ठेवा. कोणत्या खाणीतून, कोणत्या काळात, किती माल टाकला, त्याची प्रत काय, त्यात गार्नेट किती, फॉस्फरस किती, हे लिहून ठेवा. ढिगाऱ्यावर झाडे लावण्याआधी त्याचे नमुने तपासून घ्या. सिंडिकेटने टाकलेला माल आपण अंदाजाने उकरला. आपण टाकलेला माल पुढच्यांना हिशेबाने सापडला पाहिजे.